अक्का, तुझं दार अजून लागत नाही

अक्का,

काल सुतार येऊन गेला. तुझ्या भावजयीनंच, सुमननं, बोलावला होता. मधलं दार खाली लोंबलंय, जमिनीला घासतं, काही केल्या लागत नाही, मग मांजर आत शिरतं आणि दुधाचं पातेलं आडवं करतं, अशी तिची तक्रार. तक्रार खोटी नाही. सुतारानं दार हलवून बघितलं, बिजागऱ्यांवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "बापूशेठ, ह्या दाराला कोन लोंबकळत हुतं काय?"

मी म्हटलं, "हो. आमची अक्का."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. हसला. मग त्याचं लक्ष दाराच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या सायकलच्या मुठींकडं गेलं, मुठीवरच्या घंटीकडं गेलं, आणि त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. सायकलवाल्याचं डोकं अखेर फिरलं, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. तुझा तेरावा नुकताच झालाय, एवढ्यात सुमन मला काही बोलत नाही. ह्या सवलतीचा मी भरपूर फायदा घेतोय.

तू गेलीस ती तापानं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण "गुडघ्यांनीच खाल्लं बिचारीला" म्हणणारी मंडळी तेराव्याच्या पंगतीतसुद्धा होती. गुडघ्यांवर उगाच आळ नको. ते शेवटपर्यंत तुझ्या बाजूनं होते.

आणि आधी कुठल्या बाजूला होते, तेही आठवायला हवं.

तुझं सासर शिंगणापूर. तिथं घराला दार लावत नाहीत, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. चौकट असते, पण तिला फळी नाही, कडी नाही, कुलूप नाही. कुत्रं आत येऊ नये म्हणून फार तर एक तट्ट्या आडवा करायचा. देव राखण करतो, चोरी होत नाही. लोक ह्याचं कौतुक करतात ते सगळं चोराच्या बाजूनं. आजारी माणसाच्या बाजूनं कुणी विचार केलेला नाही. दार नसलेल्या घरात चोर येत नाही हे खरं. पण औषध सांगणारा येतो, आणि त्याला अडवायची काही सोय नसते.

दुष्काळात सगळ्या गावाबरोबर तूही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचीस. दिवसभर उकिडवं बसायचं आणि हातोडी चालवायची. पाऊस परत आला, शेतं हिरवी झाली, पण तुझे गुडघे तिथंच रस्त्यावर राहिले. उठताना कटकट वाजायचे. जिना नको, उतार नको, बसलीस तर उठवायला माणूस हवा. मी एकदा भेटायला आलो, तर तू भिंतीला टेकून खाटेवर, दोन्ही गुडघ्यांना रुईची पानं बांधलेली, वरून फडकी, आणि अंगाला निर्गुडीचा असा वास की गोठ्यातली म्हैससुद्धा तोंड फिरवून उभी.

"हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"पानं पलीकडच्या काकूनं. निर्गुडी कासारनीनं. आनि सकाळी एक भगत आल्ता लांबचा, देवाला. पानी मागाया म्हनून घरात आला, आनि गरम वाळूची पुरचुंडी करून शेक, म्हनून सांगून गेला. पानी प्यायचं इसरला बघ."

एकानं बिब्बा घालायला सांगितलं होतं, एकीनं डागणी. ती दोन्ही तू हसून घालवलीस, ही देवाची कृपा. कुणी म्हणालं, साडेसाती गुडघ्यात बसलीय, देवाच्या अंगावरचं तेल लाव. ते मात्र तू भक्तीनं लावायचीस. "आपला देव सवताच लंगडा हाय बापू," तू म्हणालीस. "त्यो माजं बरं करंल का न्हाई ठावं न्हाई. पर दुखतं म्हंजी काय हुतं, ते त्याला सांगावं लागत न्हाई." असं एक वाक्य मला आजवर सुचलेलं नाही, आणि मी दुकानात गिऱ्हाईक कमी आणि वाचन जास्त करणारा माणूस.

सुचलं ते भलतंच. मी म्हटलं, गुडघा म्हणजे काय शेवटी? बेअरिंग. ग्रीस संपलं की कुरकुरणारच. तेव्हा तेल आतून सोडलं पाहिजे. रोज दुधातून एरंडेल घे. तू माझं ऐकलंस. तुझ्या आयुष्यातल्या मोजक्या चुकांपैकी ही एक. पुढचे काही दिवस तू घरात कमी आणि शेताच्या बांधाकडं जास्त असायचीस. दाजी म्हणाले, "मेव्हण्याच्या औषधाला गुन हाय. गुडघं दुखत्यात, पर बाई पळती."

शिवाय मेथीचे लाडू. येणारा प्रत्येक जण वातावर मेथीचे लाडू सांगायचा आणि निम्मे जण करूनही आणायचे. तूप-गूळ-डिंक घातलेले ते लाडू तू औषध म्हणून खाल्लेस. वजन वाढलं, गुडघे आणखी दुखले. दुखले म्हणून आणखी लाडू आले.

हे सगळं असंच हसत-कण्हत चाललं असतं. पण दुष्काळात लांबवलेलं शकूचं लग्न ठरलं. तुझं शेंडेफळ. आणि लग्न ठरल्याच्या दिवशी तुझ्या धाकट्या जाऊबाई, पारूबाई, घरात आल्या. दार नव्हतंच. आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कन्यादानाचं कसं करनार वो अक्का? तुमाला तर पाटावर बसता येत न्हाई. आमी दोघं बसतो की. मी तर मांडी घालून दिसभर बसती."

बोलणं मायेचं होतं. मायेतसुद्धा टाचणी असू शकते, हे घराघरातल्या जावांना सांगावं लागत नाही. तू चहाची कपबशी अर्धीच खाली ठेवलीस. दाजी शकूचा हात जावयाच्या हातात देणार आणि वरून झारीची धार तू धरणार, एवढंच तर तुला हवं होतं. चार लेकरांतली ही शेवटची. ती धार पारूबाईंच्या हातून पडायची, ही गोष्ट तुझ्या गुडघ्यांपेक्षा जास्त दुखली.

पारूबाई गेल्यावर तू मला म्हणालीस, "नगरला ने मला. तुज्या एरंडेलानं काय व्हत न्हाई."

नगरचे हाडांचे डॉक्टर तरुण होते आणि मिस्कील होते. त्यांनी तुला झोपवलं, पाय दुमडले, सरळ केले, गुडघ्यावर हात ठेवून आतला आवाज ऐकला. फोटो काढून आणायला सांगितलं. तो काळा-पांढरा फोटो त्यांनी उजेडाला धरला, तेव्हा तू वाकून बघितलास आणि म्हणालीस, "ह्यो माजा फोटो? आनि सांगितलं न्हाई? जरा नीट बसले असते की."

त्यांनी विचारलं, "बोटांचे सांधे सुजतात का? ताप येतो का अधूनमधून? सकाळी उठल्यावर अंग किती वेळ आखडलेलं असतं?"

"चुलीला जाळ लागस्तवर."

"मग लवकर सुटतं. दुपारपर्यंत आखडून राहिलं असतं, हातांचे सांधे सुजले असते, तर तो आमवात. त्याची औषधं वेगळी. तुमची ही झीज आहे, आजी. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत गादी असते, ती विरलीय."

"कशानं?"

"वय. डोक्यावरची ओझी. वर्षानुवर्षं उकिडवं बसणं, निंदणी, खडी. वजन. थोडं घराण्यातूनही येतं."

"म्हंजी एकाचं नाव घ्याया तुमी तयार न्हाई."

डॉक्टर हसले. पण इथंच तू मान वळवून माझ्याकडं बघितलंस आणि त्या बिचाऱ्याला आपलं जुनं भांडण ऐकवलंस. "मी सांगते एकाचं नाव. ह्यो बघा बसलाय. लहानपनी आमचा मळा नदीपल्याड. परवरेला गुडघाभर पानी असलं तरी ह्यो गडी उतरायचा न्हाई. मी आपली कडंवर घिऊन. आनि कसा हुता ठावं हाय का? भरलेली पायली!"

"डॉक्टर, मी अशक्त मूल होतो," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्या पोटाकडं बघितलं आणि ते काही बोलले नाहीत. न बोलणं हा त्यांचा निकाल होता, आणि तो तुझ्या बाजूनं होता, असं तू यष्टीत सगळ्या बायकांना सांगितलंस.

गेलेली गादी परत येत नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. गोळ्या दिल्या, पण दुखेल तेव्हाच, आणि भरल्या पोटी; रिकाम्या पोटी घेतल्या तर पोटात जाळ होईल. लाडू बंद. बाजारात गुडघेदुखीवर काळी पूड विकणारा भेटला तर त्याला लांबून नमस्कार. शेक चालेल, निर्गुडीनंही बिघडत नाही, हातात काठी असू दे. "पण खरं औषध वेगळंच आहे," ते म्हणाले. "मांडीचा स्नायू हा गुडघ्याचा गडी. गडी धट्टाकट्टा असला की मालकावर ओझं येत नाही. तुमचा गडी दमलाय. त्याला पुन्हा कामाला लावायचं."

आणि त्यांनी ते औषध दाखवलं. उठून दवाखान्याचं दार अर्धं उघडलं, दाराच्या कडेकडं तोंड करून उभे राहिले, दोन हातांनी दोन्ही बाजूंच्या मुठी धरल्या, आणि खुर्चीवर बसल्यासारखे हळूहळू खाली गेले. मागं एक उंच स्टूल होतं, त्याला टेकले आणि पुन्हा वर आले. "दुखायच्या आधी थांबायचं. उठताना पुढं झुकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढं आलं पाहिजे. रोज करायचं. स्टूल जमलं की त्याहून बुटकं काहीतरी घ्यायचं. जमिनीवर मांडी घालायचा हट्ट मात्र सोडा. घरी दार धरून करा, तोल जात नाही."

तू पदर सावरलास. "पर डाक्टर, दार कुटनं आनू?"

"म्हणजे?"

"आमच्या घराला दार न्हाई."

डॉक्टरांचा चेहरा एकदम मवाळ झाला. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू हा भाऊ असून बहिणीच्या घराला एक दार लावून देत नाही. ते कपाटातून आणखी गोळ्या काढायला लागले, फुकट द्यायला. मी घाईघाईनं म्हटलं, "शिंगणापूर, डॉक्टर. शिंगणापूरचं घर." तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि असे हसले की बाहेरच्या बाकावरचे रोगी आत डोकावले.

"मग खांब धरा," ते म्हणाले.

"खांब हाय की. पर दार न्हाई म्हंजी समदी गल्ली बघनार. मी खांबाला मिठी मारून खाली-वर व्हाया लागले, तर अंगात आलं म्हनून बाया हळद-कुकू घिऊन येतील. आनि त्या आत आल्याव मी काय तोंड दाखवू?"

डॉक्टरांकडं ह्याला औषध नव्हतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तूच म्हणालीस, "बापू, तुज्या घराला दार हाय."

अशी तू माहेरी आलीस. बाया माहेरी आंब्याला जातात, बाळंतपणाला जातात. दारासाठी माहेरी आलेली तू पहिलीच. घोडेगावपर्यंत बैलगाडी आणि पुढं यष्टी करून तू नेवाशाला उतरलीस, हातात काठी आणि तोंडावर मुलगी बघायला आल्याचा भाव. आधी दारच बघितलंस. ठोकून पाहिलंस. "बरं हाय. घट हाय."

दाराला नुसती एक बारीक कडी होती. ती तुझ्या हातात नीट बसेना. मग मी माझं शास्त्र वापरलं. एका मोडीत निघालेल्या सायकलचं हॅण्डल कापलं, त्याच्या दोन्ही मुठी, रबरासकट, दाराच्या दोन्ही अंगांना बोल्टांनी आवळल्या. एका मुठीवरची घंटी काढायची राहिली. राहिली म्हणजे कंटाळा केला. माझ्या हातून जगात जे काही चांगलं झालंय, त्यातलं बरंचसं कंटाळ्यातून झालंय.

पहिल्या दिवशी तू दारासमोर उभी राहिलीस, मुठी धरल्यास, मागं खाट सरकवली होती तिच्यावर टेकलीस आणि उठताना तुझा अंगठा घंटीवर पडला. ट्रिंग ट्रिंग! सुमन चुलीपाशी दचकली आणि ओरडली, "उठल्या का वन्सं?"

"उठले!"

झालं, तोच नेम पडला. पुढं दुकानात मी पंक्चर काढत असायचो, मागून घंटी वाजायची, आतून सुमनचा प्रश्न यायचा आणि तुझं उत्तर. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं कुणी सायकल घेऊन आत शिरलं. जुनी गिऱ्हाइकं मान वर न करता म्हणायची, "अक्का उठल्या."

खाटेवरून स्टुलावर, स्टुलावरून माझ्या हत्यारांच्या पेटीवर, असं तू खाली खाली येत होतीस. कधी दुखायचं, तू ओठ आवळायचीस, मी म्हणायचो आज राहू दे. "गप. परवरेत तुला मधीच सोडला हुता का?" वाद तिथंच पेटायचा. मी सांगायचो की गुडघे खडीनं गेले. तू म्हणायचीस खडी निमित्त, पाया तूच घातलास. सुमन पोळपाटावरून दोघांना दटावायची. नेवाशात माउली टेकून बसले होते त्या एका खांबापुढं सगळं गाव हात जोडतं. तू म्हणालीस, मी ह्या दारापुढं जोडते. आणि खरंच, जाताना दाराला नमस्कार करायचीस. त्यामागं उभ्या असलेल्या भावाला मात्र कधी नाही.

मांडी घालून तू पुन्हा बसणार नाहीस, हे आता पक्कं होतं. मी आपला भटजींना विचारायला गेलो. म्हातारे होते, त्यांनी स्वतःचा गुडघा चोळत उत्तर दिलं, "पाटावर बसावं, असं आहे. किती पाटांवर, ते कुठं सांगितलंय? चढवा एकावर एक." तेवढ्यावर मी पेढे वाटायच्या बेतात होतो.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात तू घरी गेलीस आणि कामाच्या धबडग्यात कुणाचं न ऐकता पाण्याच्या कळश्या उचलल्यास. मी आलो तेव्हा उजवा गुडघा भोपळ्यासारखा झाला होता. तेव्हा तू रडलीस. इतकी वर्षं तुला ओळखतो, खडी फोडताना नाही, धान्य संपलं तेव्हा नाही; तेव्हा रडलीस. "बसू दे पारूला. लेकीचं लगीन झाल्याशी मतलब. आय कुठं बसली, कोन बघतं?"

शकू उंबऱ्यातून म्हणाली, "मी बघते. आय न्हाई बसली तर मी बी उभी राहनार. मग करा उभ्यानं लगीन."

तू डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "बापू, फडकं गरम करून आन." सूज उतरेपर्यंत तू कळशीला हात लावला नाहीस, पाणी पारूबाईंनी भरलं, हेही लिहिलं पाहिजे.

मांडवात एकावर एक रचलेले पाट, वर घोंगडी, वर तुझी हिरवी साडी. दाजी सपाट पाटावर आणि तू त्यांच्याहून हातभर उंच. दाजी म्हणाले, "आता गावाला खरं दिसलं, घरात कोन वर हाय ते." पारूबाई शेजारी मांडी घालून बसल्या होत्या, न जमलं तर लगेच झारी घ्यायला. मी मामा म्हणून शकूच्या मागं उभा होतो. शकूचा हात जावयाच्या हातावर आला, तू झारी वाकडी केलीस आणि धार पडली. बारीक, सरळ, न तुटता. तुझा हात हलला नाही. मला वाटतं भटजींनी त्या दिवशी मंत्र मुद्दाम लांबवले.

मग ते म्हणाले, "उठा."

सगळा मांडव तुझ्याकडं बघत होता. मी पुढं झालो, तू डोळ्यांनी मला जागच्या जागी थांबवलंस. दोन्ही हात मांड्यांवर ठेवलेस. पुढं झुकलीस. नाक बोटांच्या पुढं. आणि कुणाचाही हात न धरता, दार नसताना, तू उभी राहिलीस. उभी राहिल्यावर तुझा अंगठा हवेत काहीतरी शोधायला लागला. घंटी नव्हती. तेव्हा तू, मुलीची आई, हिरव्या साडीत, भर मांडवात तोंडानं म्हणालीस, "ट्रिंग ट्रिंग!"

वऱ्हाडी मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. बायकांच्या गर्दीतून सुमनचा आवाज आला, "उठल्या का वन्सं?" मी मामा असून शेल्यात तोंड लपवून हसत होतो. हसतच होतो, असं मी सगळ्यांना सांगितलं.

आणि मग पारूबाई उठायला गेल्या. दोन्ही पायांना मुंग्या, गुडघा धरलेला. अर्ध्यात उठून पुन्हा बसल्या. "अगं बाई, अगं बाई," एवढंच. तू टोमणा मारशील, असं सगळ्यांना वाटलं. मलाही. तू हात पुढं केलास आणि म्हणालीस, "फुडं झुक. नाक फुडं घे. आता ऊठ." आणि त्या उठल्यावर हळूच म्हणालीस, "नेवाशाला ये माज्या संगं. भावाच्या घरी दार हाय."

तू बोललीस, आणि माझं घर गेलं. पुढच्या आठवड्यात तू पारूबाईंना घेऊन आलीस. मग पलीकडच्या काकू आल्या, मग निर्गुडीवाली कासारीण, मग तिची नणंद. शिंगणापूरच्या बायका यष्टीनं उतरायच्या, पिशवीतून भाकरी आणायच्या, दारासमोर पाळी लावायच्या. दिवसभर घंटी. सुमन "उठल्या का?" विचारून दमली. तू खाटेवर बसून प्रत्येकीला सांगायचीस, "लाडू बंद. गोळी जेवल्याव. दुखायच्या आदी थांब. बोटं सुजत असतील त्या इथं नगं, नगरला जा." ज्या दोघींची बोटं सुजायची त्यांना तू खरंच नगरला धाडलंस, आणि एकीला आमवातच निघाला. वेळेवर कळलं, असं डॉक्टर म्हणाले. दाराचं काय झालं ते सुताराला विचार.

तुझ्या शेवटच्या दिवशी मी शिंगणापुरात पोचलो तेव्हा माणसं आत-बाहेर करत होती. नेहमी आपण गेलेल्या माणसाच्या दारात थबकतो, कडी हातात घेतो, मग आत जातो. तिथं थबकायला काही नव्हतं. मी एकदम तुझ्यासमोरच होतो. पारूबाई तुझे पाय दाबत बसल्या होत्या, गुडघ्यापाशी हात हळू करत, जणू अजून दुखेल.

तुला एक सांगायचं राहून गेलं. विसरलो म्हणून राहून गेलं असं नाही. तू जिंकशील म्हणून राहिलं. मला प्रवरेतलं ते आठवतं. पाणी थंड होतं, कडेवरून मी तुझ्या गळ्याला घट्ट धरलेलं होतं, आणि खाली तुझे पाय दगडांवरून चाचपत चालले होते. मी उतरू शकत होतो. वरून नदी चांगली दिसायची, म्हणून उतरत नव्हतो. पण गुडघे खडीनंच गेले. हे मी अजून सोडणार नाही. सोडलं तर आपलं भांडण संपेल, आणि मग मी तुझ्याशी काय बोलू?

आज सकाळी एक नट घरंगळत मधल्या दारापाशी गेला. उचलायला मी खाली बसलो आणि उठता येईना. होय, अक्का, माझेसुद्धा. "घराण्यातून येतं" म्हणाले होते ना डॉक्टर. मी इकडं-तिकडं बघितलं, दुकानात कुणी नव्हतं. दाराच्या मुठी धरल्या. रबर तुमच्या सगळ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालंय. पुढं झुकलो, नाक बोटांच्या पुढं, दार कुरकुरलं, पण त्यानं मला वर घेतलं. आणि अंगठा आपोआप घंटीवर गेला.

चुलीपाशी भांड्यांचा आवाज थांबला.

"उठल्या का वन्सं?" सुमननं विचारलं. सवयीनं.

मग मी जमेल तेवढा तुझा आवाज काढून ओरडलो, "उठले!"

मग ती हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा, आणि चांगली खळखळून. नाक ओढत म्हणाली, "सुताराला सांगा, येऊ नको म्हणावं. दूध मी शिंक्यावर ठेवते."